एकट्याला पुढे करून मागे सरकू नका

प्रति,
चित्रपट आणि मालिकांचे निर्माते, स्टुडिओंचे प्रमुख आणि कोणती गोष्ट पडद्यावर जाणार हे स्ट्रीमिंग कंपन्यांमध्ये बसून ठरवणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

परदेशी मालिका आणि चित्रपटांचे संवाद डबिंगसाठी लिहिणं हे माझं काम. माझ्यासमोर चित्राआधी संवादांची यादी येते. डावीकडे वेळ, मधे पात्राचं नाव, उजवीकडे वाक्य. ही यादी नुसती वाचत गेलं तरी लेखकाचा जीव कोणत्या पात्रावर आहे आणि कोणतं पात्र वरून सांगितलं म्हणून घातलंय, हे कळायला लागतं. नायिकेला आई असते, मोडलेलं लग्न असतं, बँकेचं कर्ज असतं, कुणाचा तरी जुना राग असतो. मग तिची मैत्रीण येते. पोस्टरवर तिला आवर्जून घेतलेलं असतं. तिच्या वर्णाबद्दल किंवा व्हीलचेअरबद्दल प्रसिद्धिपत्रकात दोन ओळी असतात. तिची वाक्यं मात्र मला आता न वाचताही सांगता येतील. "तू बरी आहेस ना?" "मग तो काय म्हणाला?" "तुला खरंच हे करायचंय?" "काहीही होवो, मी आहे." एकामागून एक प्रश्न, आणि सगळे नायिकेच्या आयुष्याबद्दल. सीझन संपतो, तरी ही बाई राहते कुठे, चिडते कशावर, घरभाडं कशातून भरते, याचा पत्ता लागत नाही. कारण तिला कुणी काही विचारतच नाही.

मला बोलायचंय ते त्या मैत्रिणीबद्दल आणि ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीबद्दल.

मनोरंजनातलं वैविध्य हा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाला वाटतं, आता सगळ्यांना जागा मिळतेय, हा विजय आहे. दुसऱ्याला वाटतं, गोष्टीचा बळी देऊन खोगीरभरती चाललीय. दोन्हीकडचे लोक एकमेकांवर तुटून पडतात आणि या सगळ्यात तुम्ही नामानिराळे राहता. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. ज्यांना आजवर जागा नव्हती अशांपैकी एका माणसाला तुम्ही पुढे करता. अख्ख्या समाजाची अब्रू त्याच्या खांद्यावर देता. शिव्यांचा भडिमार सुरू झाला की हळूच मागे सरकता. आणि पुढच्या बैठकीत सांगता की प्रेक्षकांची अजून तयारी नाही.

हे आजचं नाही. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी दलित समाजातली होती. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या मूकपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरममधल्या पहिल्या खेळालाच प्रेक्षकांतले उच्चवर्णीय खवळले. खालच्या जातीच्या बाईने नायर बाई व्हायचं, हे त्यांना सहन झालं नाही. तिच्यावर असा रोष ओढवला की तिला गाव सोडून पळावं लागलं, आणि ती पुन्हा कधीही पडद्यावर आली नाही. उरलेलं आयुष्य तिने दुसऱ्या मुलखात, आपली ओळख मागे टाकून काढलं. त्या चित्रपटाची प्रत आज अस्तित्वात नाही. डॅनियल यांचंही त्यात सर्वस्व गेलं, हे खरं. पण केरळ सरकार आज त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान देतं, आणि रोझीचं नाव लोकांपर्यंत पोहोचायला कित्येक दशकं जावी लागली. धाडस दोघांनी मिळून केलं होतं. जमाव चालून गेला तो तिच्यावर.

हॅटी मॅकडॅनियलचं उदाहरण नेहमी अभिमानाने सांगितलं जातं, कारण 'गॉन विथ द विंड' या चित्रपटासाठी 1940 साली ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. ती संध्याकाळ कशी होती हेही सांगायला हवं. सोहळा ज्या हॉटेलात होता तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने रदबदली करून तिला आत घेतलं, पण बसवलं भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर, सहकलाकारांपासून दूर. त्याआधी अटलांटात त्याच चित्रपटाचा भव्य पहिला खेळ झाला, त्यालाही तिला जाता आलं नव्हतं. हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूने तिच्याच समाजातले पुढारी तिच्यावर टीका करत होते, की मोलकरणींच्या भूमिका घेऊन ती आमचं चुकीचं चित्र जगापुढे ठेवते. तिला दुसऱ्या भूमिका देत कोण होतं? जाब तिला विचारला गेला. मोलकरणीपलीकडे काहीही न लिहिणाऱ्या लेखकांना आणि ते लिहून घेणाऱ्या मालकांना कुणी उभं करून विचारलं नाही. अभिनयाचं ऑस्कर पुन्हा एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती यायला 1991 उजाडलं.

ॲना मे वाँगला तर जागाच मिळाली नाही. चीनमधल्या शेतकरी कुटुंबावरचा 'द गुड अर्थ' 1937 साली आला. हॉलिवूडमधली सर्वांत नावाजलेली चिनी वंशाची अभिनेत्री समोर होती. पण नायक म्हणून गोरा नट निवडला होता, आणि वेगवेगळ्या वंशांमधलं प्रेम पडद्यावर नको, असा त्या काळच्या सेन्सॉर नियमावलीचा धाक होता. म्हणून बायकोही गोरीच घेतली, रंगरंगोटी करून. त्या अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं. वाँगला देऊ केली होती ती घर फोडणाऱ्या दुसऱ्या बाईची भूमिका. तिने ती नाकारली.

हा जुना काळ झाला, आता तसं नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणून अलीकडचं सांगते.

'स्टार वॉर्स' या अवकाशपटांची नवी चित्रपटमालिका 2015 साली सुरू झाली तेव्हा जॉन बोयेगा हा कृष्णवर्णीय नट तिच्या केंद्रस्थानी आहे, असंच जगाला दाखवलं गेलं. पहिल्या टीझरमध्ये पहिला चेहरा त्याचा होता आणि त्या दिवसापासून त्याच्यावर वर्णद्वेषी गरळ सुरू झाली. त्याच चित्रपटाच्या चीनसाठीच्या पोस्टरवर त्याची आकृती लहान झालेली लोकांनी पाहिली. पुढच्या भागांत त्याचं पात्र बाजूला पडत गेलं, आणि प्रसिद्धीत महत्त्वाचं म्हणून मिरवून नंतर आपल्याला कडेला ढकललं, असं 2020 मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं.

दुसरा भाग 2017 मध्ये आला. त्यात केली मेरी ट्रान होती, व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्या आईबापांची मुलगी. त्या चित्रपटमालेत इतकी मोठी भूमिका मिळालेली ती पहिली आशियाई वंशाची स्त्री. तिच्या दिसण्यावर, वंशावर, शरीरावर महिनोन्‌महिने इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. पुढे तिने एक लेख लिहिला. त्यात तिने म्हटलंय की लोकांच्या शब्दांपेक्षा, आपण त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागलो हे जास्त भयंकर होतं. आणि 2019 मधल्या शेवटच्या भागात ती किती वेळ दिसते? दोन तास बावीस मिनिटांच्या चित्रपटात सव्वा मिनिटाच्या आसपास. तिचे काही प्रसंग दिवंगत अभिनेत्री कॅरी फिशरच्या जुन्या चित्रणाशी जुळवायचे होते, ते तांत्रिकदृष्ट्या जमलं नाही, असं लेखकाने सांगितलं. खरं असेलही. पण जमलं नाही तर दुसरे प्रसंग लिहिता येतात. नायकांसाठी रोज लिहिले जातात. तिला छळणाऱ्यांनी मात्र त्या सव्वा मिनिटाचा एकच अर्थ घेतला: आपण जिंकलो.

या टोळधाडीची तुम्हाला कल्पना नसते, असं मला कुणी सांगू नये. त्याच विश्वातली 'ओबी-वान केनोबी' ही मालिका 2022 मध्ये आली तेव्हा मोझेस इंग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला वर्णद्वेषी हल्ल्यांबद्दल कंपनीने आधीच सावध केलं होतं, हे तिने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक असतं. त्या वेळी मालिकेच्या अधिकृत खात्यावरून ठामपणे सांगितलं गेलं की आम्ही तिच्या पाठीशी आहोत, आणि मुख्य नायक इवन मॅकग्रेगरने कॅमेऱ्यासमोर येऊन द्वेष करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सुनावलं. हे करता येतं. करायला फार खर्चही येत नाही. मग त्याच्या पाच वर्षं आधी त्याच घरातल्या दुसऱ्या मुलीला एकटीला का सोडलं होतं?

आता दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांबद्दल. तक्रार करणारा प्रत्येक जण द्वेष्टा नसतो. "पात्र पोकळ आहे, उगाच घातलंय" असं म्हणणारे पुष्कळ लोक खरोखर गोष्टीवर प्रेम करणारे असतात आणि बऱ्याचदा त्यांचं निरीक्षण अचूक असतं. पात्र पोकळ असतंच. मी त्याची वाक्यं रोज लिहिते, मला माहीत आहे. पण ते पोकळ आहे ते लिहिणाऱ्याने लिहिलं नाही म्हणून. तिथे उभ्या असलेल्या अभिनेत्रीचा वर्ण त्याला कारण नाही. जुन्या पात्राचा फक्त रंग बदलायचा आणि बाकी कथेला हातही लावायचा नाही, हा सर्वांत स्वस्तातला मार्ग तुम्ही निवडता. नव्या माणसाला नवी गोष्ट लागते, ती लिहून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो. तो वाचवल्यावर जो राग येतो, तो तुमच्या हिशेबात न जाता त्या कलाकाराच्या नावावर जमा होतो. प्रामाणिक टीका आणि निव्वळ द्वेष या दोन्हींची सरमिसळ व्हायला तुम्हीच वाव देता. आणि सगळ्या टीकाकारांना एकाच रंगाने रंगवून मोकळं होणंही तुमच्या सोयीचंच असतं, कारण मग वाईट पटकथेबद्दल उत्तर द्यावं लागत नाही.

एकटं असण्याचा त्रास किती खोलवर जातो, याची एक गोष्ट मला कॅमेऱ्याच्या दुनियेतून कळली. फोटोच्या रंगांचा मेळ बसवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना छायाचित्र पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर असायची गोरी स्त्री, आणि कित्येक वर्षं गोरीच. तिची त्वचा नीट दिसली म्हणजे छपाई बरोबर. परिणामी गोऱ्या मुलांच्या घोळक्यात एखादं काळं मूल असलं की वर्गाच्या फोटोत त्याचे डोळे आणि दात तेवढे उमटायचे, चेहरा अंधारात जायचा. काळ्या त्वचेचं छायाचित्रण मुळातच अवघड, असं नव्हतं. प्रकाश आणि फिल्म दोन्ही दुसऱ्या कुणासाठी बेतलेली होती. आजही चौकटीतल्या पाच जणांत एकच सावळा चेहरा असला आणि दिवे बाकी चौघांना पाहून लावले, की तो एक चेहरा मातकट दिसतो. छायाचित्रकाराने त्या एकासाठी थांबून पुन्हा दिवे लावायचे, तर शेड्यूल मोडतं. आणि सेटवर वेळ मागण्याची हिंमत त्या एकट्या कलाकाराला होत नाही.

याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलंय. 'ब्लॅक पँथर' हा सुपरहिरोपट 2018 साली आला. त्याआधीच त्याचं रेटिंग पाडायची मोहीम काही जणांनी आखली होती. तिचा काहीही उपयोग झाला नाही. चित्रपटाने जगभरात 130 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण मला त्या आकड्यापेक्षा त्यातल्या माणसांची गर्दी महत्त्वाची वाटते. राजा कृष्णवर्णीय, त्याला पदच्युत करणारा शत्रूही कृष्णवर्णीय आणि त्या शत्रूचं म्हणणं पटावं इतकं जोरकस. तल्लख, थट्टेखोर बहीण. गादीशी इमान राखावं की आपल्या माणसाशी, या पेचात पडलेली सेनापती. ऐनवेळी बाजू बदलणारा जिवलग मित्र. इतके जण असले की कुणा एकाला आदर्श बनावं लागत नाही. त्यांच्यातला कुणी दुष्ट निघाला, कुणी कच खाल्ली, तरी त्यांचा समाज तसा आहे असं म्हणायची सोय उरत नाही, कारण शेजारीच दुसरा वेगळा वागतोय. माणूस म्हणून चुकायची मुभा गर्दीतच मिळते. आणि कॅमेऱ्यामागेही तसंच होतं: वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना 2019 मध्ये ऑस्कर मिळालं. त्या त्या विभागात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया.

आपल्याकडे 2016 मध्ये 'सैराट'ने मराठी चित्रपटाने तोवर न पाहिलेला गल्ला जमवला. नवे, अनोळखी चेहरे, गुळगुळीत न केलेली बोली, जातीचं वास्तव शेवटच्या चौकटीपर्यंत. प्रेक्षकांची तयारी नाही, हे वाक्य त्यानंतर मराठीत तरी कुणी उच्चारू नये.

सर्वांत जास्त आशा मला 'कोडा' या चित्रपटाच्या गोष्टीने दिली. कर्णबधिर कुटुंबाची ही कथा. वडिलांच्या भूमिकेसाठी ऐकू येणारा, नावाजलेला नट घ्यावा असा विचार पैसा लावणाऱ्यांकडून पुढे आला. आईच्या भूमिकेसाठी ठरलेली मार्ली मॅटलिन स्वतः कर्णबधिर, 1987 मध्ये ऑस्कर मिळवलेली. तिने सांगितलं, तसं होणार असेल तर मी या चित्रपटात नाही. भूमिका ट्रॉय कोट्सरला मिळाली. तोही कर्णबधिर. 2022 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं आणि चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. हे शक्य झालं कारण नकार देण्याची ताकद असलेलं कुणीतरी त्या खोलीत होतं. त्याच चित्रपटाच्या सेटवर सांकेतिक भाषेच्या कर्णबधिर तज्ज्ञ होत्या, आणि त्यांचं काम हातवारे तपासण्यापुरतं ठेवलेलं नव्हतं. कर्णबधिर कुटुंब दाराकडे पाठ येईल असा सोफा कधीच ठेवणार नाही, कारण कोण आलं ते त्यांना दिसायला हवं. ही गोष्ट घराच्या मांडणीत शिरली. असल्या बारकाव्याने पडद्यावरचं घर खरं होतं, आणि तो बारकावा ऐकू येणाऱ्या माणसाला सहसा सुचणार नाही.

इथे हमखास विचारलं जातं की अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाणंच ना, मग कर्णबधिराची भूमिका कर्णबधिरानेच का करायची? प्रश्न रास्त आहे. दारं दोन्हीकडून उघडी असती तर माझा काही आक्षेप नसता. आज कर्णबधिर नटाला वकिलाची, चोराची, प्रियकराची भूमिका मिळत नाही आणि कर्णबधिर पात्र लिहिलं गेलं तर तेही ऐकू येणाऱ्याला जातं. ज्या दिवशी पहिली गोष्ट बदलेल, त्या दिवशी दुसरीबद्दल खुशाल वाद घालू. अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये निकाल दिला. अपंगत्वाला हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, आणि आमच्याविषयीचं काहीही आम्हाला वगळून नको, हे तत्त्व चित्रपटांनाही लागू केलं. न्यायालयाला सांगावं लागलं, ही तुमच्यासाठी विचार करायची बाब आहे.

नियमांवर माझी फार भिस्त नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने 2020 मध्ये समावेशकतेचे निकष जाहीर केले, ते 2024 च्या पुरस्कारांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी बंधनकारक झाले. त्यावर केवढा गदारोळ झाला, की आता गोष्टी कोट्याने लिहिल्या जाणार. प्रत्यक्षात चार निकषांपैकी कोणतेही दोन पुरे आहेत, आणि प्रशिक्षणार्थी घेऊन व प्रसिद्धी विभागातल्या नेमणुका दाखवूनही ते पूर्ण होतात. पडद्यावर एकही चेहरा न बदलता. विरोधकांनी घाबरण्यासारखं त्यात काही नाही. समर्थकांनी हुरळून जाण्यासारखंही नाही.

तेव्हा माझं मागणं नियमांपलीकडचं आहे. एखाद्या समाजातलं माणूस गोष्टीत घ्यायचं असेल तर एकटं घेऊ नका, दोन-तीन तरी घ्या, आणि त्यांना एकमेकांशी बोलू द्या, भांडू द्या. त्यांच्यातल्या एखाद्याला स्वार्थी, एखाद्याला रटाळ असू द्या. पटकथा पक्की झाल्यावर दाखवायला म्हणून सल्लागार बोलावू नका. कागद कोरा असताना बोलवा, मानधन द्या, आणि त्याने "हे चुकलंय" म्हटलं तर प्रसंग बदला. कलाकाराशी करार करतानाच लिहून द्या की त्याच्यावर हल्ला झाला तर कंपनी किती तासांत, कुणाच्या नावाने बोलेल, त्याची खाती कोण सांभाळेल, मानसोपचाराचा खर्च कोण करेल. हाणामारीच्या प्रसंगासाठी तुम्ही विमा उतरवता, स्टंट दिग्दर्शक नेमता, रुग्णवाहिका उभी करता. ट्रेलर येण्याचा दिवसही तितकाच धोक्याचा असतो, हे आता तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. चित्रपटांचं रेटिंग दाखवणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाने 2019 मध्ये चित्रपट यायच्या आधीच प्रेक्षकांच्या कॉमेंट घेणं बंद केलं. मनात आणलं तर मार्ग निघतात.

आणि पहिला सीझन अपेक्षेइतका चालला नाही तर नेमकं काय चाललं नाही, ते शोधून काढा. गोष्ट फसली, प्रसिद्धी कमी पडली, की प्रदर्शनाची तारीख चुकली, जे असेल ते त्याच नावाने लिहा. सरधोपट गुप्तहेरपट दहादा आपटले तरी तुम्ही अकरावा काढता आणि "गुप्तहेर लोकांना नको झालेत" असं म्हणत नाही. हाच न्याय बाकीच्यांना लावा.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे नवी यादी येईल. तिच्यात एक तरी मैत्रीण असेलच. तिच्या नावापुढे प्रश्नांखेरीज दुसरं काही असावं, म्हणून आज जो लेखक तुमच्या कचेरीत मसुदा घेऊन बसला असेल, त्याला एवढंच विचारा: ही बाई नायिका घरी गेल्यावर काय करते? उत्तर नसेल तर मसुदा परत द्या, आणि ते शोधायला त्याला लागेल तेवढा वेळ आणि त्या वेळाचे पैसे द्या.

आपली,
एक डबिंग संवादलेखिका